पहिला उद्गार पंजाबरावांचा

१८ फेब्रुवारी, बुधवार

उपवासकाळ सुरू झाला. पाळकसाहेबांचा उपदेश नम्रतेवर. मंडळीत आपण दुसऱ्याला स्वतःपेक्षा मोठं समजतो का, असा त्यांचा सवाल. बोलताना दोनदा माझ्याकडे पाहिलं. आधी वाटलं, उदाहरण म्हणून पाहत असतील. घरी येऊन स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. नाही, कदाचित मला उद्देशूनही असेल. अशी शंका स्वतःबद्दल घेता येणं हीच नम्रतेची सुरुवात. म्हणजे सुरुवात झाली.

संकल्प: ईस्टरपर्यंत मंडळीतल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा श्रेष्ठ समजायचं. अपवाद नाही. पंजाबरावसुद्धा.

सुचिताला सांगितलं. ती म्हणाली, सांगत फिरू नका, नुसतं करा. बायकोचं म्हणणं एरवी मी तपासून घेतो. आज न तपासता मान्य केलं. पहिला प्रयोग यशस्वी.

१९ फेब्रुवारी

स्टाफरूममध्ये चौघांना संकल्प सांगितला. ते ख्रिस्ती नाहीत, त्यामुळे सुचिताची अट त्यांना लागू होत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

पहिला बाक सोडला. सगळ्यात मागे, दाराजवळ बसलो. तिथे सिंधूताई बसतात. सत्तरी उलटली आहे, गुडघे गेलेत, मधूनच उठून बाहेर जावं लागतं, म्हणून दार जवळ हवं. मला बसलेला पाहून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, सर, हे काय? समोरचा फॅन बिघडला का? मी म्हटलं, ताई, मी सगळ्यांत शेवटचा आहे. म्हणाल्या, शेवटली तर मी हावो ना बाप्पा, तुमी काऊन माह्या जागेवर आले?

मी उठलो नाही. नम्रतेत माघार नाही. त्या पुढे जाऊन माझ्या जागेवर बसल्या. उपदेशाच्या मध्येच त्यांना बाहेर जावं लागलं, सगळी मंडळी ओलांडून. लोक त्यांच्याकडेच पाहत होते.

मी मागे का बसलो, हे कोणी विचारलं नाही. बाहेर पडताना आपणहून सांगावं लागलं.

१ मार्च, रविवार

आज पंजाबराव इंगळे आले. नाताळच्या आधी लकवा मारला, त्यानंतर पहिल्यांदाच. काठी टेकत, उजवा हात पोटाशी. त्यांच्या पत्नी रुखमाबाई शेजारी.

एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काय आवाज होता! जळगाव जामोदची गाडी लागली म्हणून सांगायचे तर शेगावच्या लोकांनाही त्यात बसावंसं वाटायचं. गाडी सुटताना दारात लोंबकळणाऱ्यांना माईकवरूनच झापायचे. मंडळीचे सेक्रेटरी गेली कित्येक वर्षं तेच. दोनदा निवडणूक झाली, दोन्ही वेळा मी त्यांच्यासमोर उभा होतो. मनात काही सल आहे का, तपासलं. नाही. मतं कमी पडली ती आवाजामुळे, एवढं फक्त निरीक्षण.

आता त्यांना फक्त 'हो' येतं. रुखमाबाई सांगत होत्या, सगळ्यालेच हो म्हणतेत. च्या पाह्यजे का? हो. नको का? हो. मंगळवारी बुलढाण्याला वाचेचा व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडे घेऊन जातात. मॅडमनी सांगितलंय, घाई करायची नाही, चारचौघांत बोलायला लावायचं नाही. मोडलेल्या हाडावर वजन देत नाही, तसं.

पाळकसाहेबांनी जाहीर केलं की पंजाबराव बरे होईपर्यंत सेक्रेटरीपद त्यांचंच राहील. वर्ष लागो, दोन लागो. पंजाबराव खालमानेने रडले. सेक्रेटरीकडे असणारी चर्चच्या घंटेची किल्ली अजून त्यांच्याच खिशात असते. रुखमाबाई म्हणतात, झोपतानाही शर्ट बदलू देत नाहीत.

निर्णय योग्यच आहे. काम मात्र कोणी तरी करावं लागेल. मी इच्छुक नाही.

८ मार्च, रविवार

उपासनेनंतर पंचांची बैठक. गुड फ्रायडेच्या सात उद्गारांची वाटणी. वधस्तंभावरून प्रभू सात वाक्यं बोलला, त्या एकेका वाक्यावर मंडळीतला एकेक जण बोलतो. पहिला उद्गार क्षमेचा. तो दरवर्षी पंजाबरावांचा. मला कायम पाचवा, तहानेचा. पाचव्याच्या वेळी दुपारचे दोन वाजलेले असतात, लोक उपाशी असतात आणि त्यांना खरोखरच तहान लागलेली असते. कोणी ऐकत नाही.

पाळकसाहेब म्हणाले, यंदा पहिला खंडारे सर घेतील.

सात वर्षांपासून माझ्याकडे पहिल्या उद्गारावर लिहिलेली तयारी आहे. पण त्या क्षणी आतून आवाज आला: हीच परीक्षा. उभा राहिलो. म्हटलं, ज्या भावाचा तो मान आहे, त्याच्या आजारपणात तो मी घ्यावा? माझी लायकी नाही. पहिला उद्गार पंजाबरावांचाच.

अपेक्षा अशी होती की आग्रह होईल. निदान दोनदा. पाळकसाहेब म्हणाले, अहो पण ते बोलू शकत नाहीत. म्हटलं, प्रभूला अशक्य काय? असं म्हटल्यावर आमच्यात कोणाला नाही म्हणता येत नाही. पाळकसाहेबांनाही आलं नाही. शेवटी म्हणाले, त्यांना विचारून बघा. जबरदस्ती नको.

तहानेचा उद्गार दुसऱ्याला गेला. म्हणजे यंदा माझ्याकडे एकही नाही. केवढा त्याग. रात्री झोप लागली नाही, बहुधा आनंदाने.

१० मार्च

पंजाबरावांकडे गेलो. सांगितलं. त्यांनी मान हलवली. नाही. पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. माझ्यापेक्षा जास्त नम्र व्हायला निघालेत, हे लक्षात आलं. आपल्या समाजात पहिले दोन नकार हे रीतीचे असतात. चहाच्या बाबतीतही.

तिसऱ्यांदा त्यांचा हात हातात घेऊन विचारलं, मंडळीसाठी एवढं कराल ना?

हो, म्हणाले.

रुखमाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. सर, तुमाले सांगतलं होतं ना, ते सगळ्यालेच हो म्हणतेत. मी म्हटलं, काकू, आपलं हो ते हो असावं, अशी शिकवण आहे. त्या म्हणाल्या, तुमी त्याईले विचारा, तुमी पंजाबराव हा का बैल? त्यालेही हो म्हणतीन. मी विचारलं नाही. आजारी माणसाची थट्टा मला जमत नाही.

पंजाबरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं असतं.

१४ मार्च

रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जातो. सराव. 'क्षमा' शब्दापासून सुरुवात केली. 'क्ष' अवघड जातो. आरसा समोर धरतो, ओठ दाखवतो. ते घामाघूम होतात. आज सिंधूताई तिथे बसल्या होत्या. म्हणाल्या, सर, 'माफ कर' म्हणू द्या ना त्याले, ते सोपं हाय. मी समजावलं की शास्त्राच्या भाषेत तडजोड नको. त्या म्हणाल्या, देवाले वऱ्हाडी येत नाई का?

राग आला. लगेच त्यांना श्रेष्ठ समजलो. राग गेला. बराचसा.

१७ मार्च

मॅडमकडे आज गेलेच नाहीत. माझ्या सरावाने दमतात म्हणून रुखमाबाईंनी मंगळवार चुकवला. म्हणजे मॅडमच्या फीपेक्षा माझ्या सेवेचा परिणाम जास्त. सुचिताला सांगितलं. तिने लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, तुम्ही त्यांना सोडा. मी विचारलं, नेमकं काय खटकतं? तिला मुद्देसूद सांगता आलं नाही. फक्त म्हणाली, त्या माणसाला तुमच्या पायरीसारखं वापरू नका.

माझ्या हेतूत काही खोट आहे का, हे वहीत लिहून तपासलं. एक कोपरा थोडा संशयास्पद वाटला. त्यासाठी प्रार्थना केली. आता स्वच्छ.

२२ मार्च, रविवार

मोठी बातमी. पंजाबरावांनी सकाळी 'रुखमे' अशी हाक मारली. स्पष्ट. लकवा मारल्यापासून पहिल्यांदा. रुखमाबाई दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या आणि डोळे पुसत होत्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली, म्हणे, आन् आजच मले माहं नाव आवडलं. पंजाबराव शेजारी बसून हसत होते. लोक विचारायचे, काय म्हणाले काका? आणि ते पुन्हा म्हणायचे, रुखमे.

चर्चबाहेर सगळ्यांना नम्रपणे सांगितलं की श्रेय माझं नाही. सिंधूताई म्हणाल्या, नाहीच बाप्पा, रुखमीचं हाय.

'क्षमा' मात्र अजून नाही.

२६ मार्च

आज सरावात जरा जोर दिला. पंजाबराव संतापले. काठी आपटली आणि अचानक, अगदी स्टँडवरच्या आवाजात ओरडले: उतर बे खाली, बैताडा! उतर!

मी चकित. अख्खं वाक्य! रुखमाबाई ओशाळल्या. म्हणाल्या, राग आला की तेवढंच पुरं निंगते. जिंदगीभर गाडीच्या दारावाल्याइले तेच म्हनलं ना. मॅडम म्हणतेत, घोकलेलं डोक्यात दुसऱ्याच जागी असते. मग ते पुन्हा पुन्हा निंगत राह्यते, त्याईच्या हातात नाई राहत. म्हणून त्याईले चिडू देऊ नका, सर, पाया पडतो तुमच्या.

माझ्या पाया कोणी पडू नये, हे त्यांना समजावलं. नम्रतेच्या विरुद्ध आहे.

मला मात्र आशा वाटली. आवाज शाबूत आहे. फक्त मजकूर बदलायचा आहे.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

पाळकसाहेबांनी बाजूला घेऊन विचारलं, पंजाबराव खरंच तयार आहेत ना? नसतील तर नाव काढू, कोणाला वाईट वाटणार नाही. मी म्हटलं, ते स्वतः हो म्हणाले. हे शंभर टक्के खरं आहे. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही.

सुचिता मागेच उभी होती. घरी येईपर्यंत स्कूटरवर हात माझ्या खांद्यावर नव्हता, मागच्या कॅरियरला होता.

२ एप्रिल, गुरुवार

उद्या. मी पुन्हा पहिल्या बाकावर बसणार आहे. मोठेपणा म्हणून नाही, पंजाबरावांना शब्दाची आठवण करून देण्यासाठी. माझी सात वर्षांची तयारीही खिशात ठेवतो. गरज पडली तरच.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

काय लिहू.

डोकं दुखतं. उपास.

४ एप्रिल, शनिवार

शांतपणे लिहितो. तथ्यं तेवढी.

ऊन फार. कूलर एकच. अमडापूरची मंडळीही आलेली, बाहेर मांडवात खुर्च्या टाकल्या होत्या. माईक बाहेरही जोडलेला. पाळकसाहेबांनी पहिल्या उद्गारासाठी पंजाबरावांना बोलावलं. रुखमाबाईंनी त्यांना व्यासपीठापर्यंत आणलं आणि खाली येऊन बसल्या. पांढराशुभ्र शर्ट. इस्त्री. खिशात घंटेची किल्ली, बाहेरून दिसत होती.

ते माईकसमोर उभे राहिले. बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, हो.

थोड्या वेळाने पुन्हा, हो.

मंडळी माना खाली घालून बसली होती. काही बायका रडत होत्या. कोणी म्हणेल, तेवढं पुरेसं होतं. पाळकसाहेबही आमेन म्हणून उठायच्या बेतात होते. पण मी विचार केला, ज्या भावाला मी एवढा मान दिला, त्याचा उद्गार अर्धवट कसा सोडू? बाकावरूनच ओठ दाखवले. क्ष. क्ष. त्यांनी पाहिलं. चेहरा वेडावाकडा झाला. क्ष, मी जरा मोठ्याने म्हटलं.

मग वर गेलो. त्यांचा चांगला हात घट्ट धरला, पडू नयेत म्हणून. माईकवर म्हटलं, पंजाबरावांना सांगायचं आहे की... आणि खिशातली तयारी काढली. मी फक्त त्यांचा आवाज झालो होतो. माझं त्यात काही नव्हतं. प्रस्तावना, तीन मुद्दे, दोन उदाहरणं. दुसऱ्या मुद्द्यापासून ते हात सोडवायचा प्रयत्न करत होते. मला वाटलं, भावना अनावर झाल्या.

तिसऱ्या मुद्द्याच्या सुरुवातीला ते गरजले.

उतर बे खाली, बैताडा! उतर!

मांडवात आधी अमडापूरची पोरं हसली. मग आतले. गुड फ्रायडेला, क्षमेच्या उद्गाराला, अख्खी मंडळी हसली. पंजाबरावांना हसू ऐकू आलं. ते काही तरी वेगळं बोलायला गेले, मला त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. निघालं तेच. उतर बे खाली. पुन्हा हशा. ते स्वतःच्या तोंडाकडे हात न्यायला गेले, पण चांगला हात माझ्याकडे होता. उतर. उतर. उतर. पुढे हसणं थांबलं, पण ते थांबेनात. शेवटी रुखमाबाई वर आल्या आणि आपल्या तळव्याने त्यांचं तोंड दाबलं. तशाच त्यांना खाली घेऊन गेल्या, तोंडावर हात ठेवून, बाकांच्या मधून, दारापर्यंत.

काहींना वाटलं असावं की ते वाक्य मला उद्देशून होतं. म्हणून मी तिथेच माईकवर खुलासा केला. म्हटलं, गैरसमज नको, हा मेंदूचा आजार आहे, जुनं घोकलेलं बाहेर येतं, त्यांचा ताबा नाही, घरीही असंच होतं. रुखमाबाई तेव्हा दारात होत्या. वळून पाहिलं त्यांनी.

खुलासा आवश्यकच होता. नंतर उरलेला तिसरा मुद्दा थोडक्यात मांडला.

५ एप्रिल, ईस्टर

प्रभू उठला आहे! घंटा वाजली नाही. किल्ली पंजाबरावांकडे आणि ते आले नाहीत.

सुचिता शुक्रवारपासून बोलत नाही. प्रत्येक महापुरुषाला घरातून... नको. हा विचार अहंकाराचा. खोडला.

७ एप्रिल

पंजाबरावांना क्षमा करायला गेलो. म्हणजे त्यांच्या मनात अपराधी भावना राहू नये म्हणून. रुखमाबाईंनी दार अर्धंच उघडलं. म्हणाल्या, आता तोंडच उघडत नाईत. मी विचारलं, 'हो' तरी? हो बी नाई. माहं नाव बी नाई. घास देतो तर दात दाबून बसतेत. सर, चार महिने लागले होते मले, तेवढं आनाले.

मी म्हटलं, काकू, मौन हेही एक प्रकारचं...

दार लागलं. वाक्य पूर्ण झालं नाही. पुढे काय म्हणणार होतो, तेही आता आठवत नाही.

आत सुचिताच्या चपला दिसल्या.

१२ एप्रिल, रविवार

वार्षिक सभा. सिंधूताईंनी घंटेची किल्ली आणून पाळकसाहेबांच्या टेबलावर ठेवली. रुखमीनं धाडली, म्हणाल्या. झोपला असताना खिशातून काढली बिचारीनं. पाळकसाहेबांनी किल्ली खणात ठेवली. मग विचारलं, सेक्रेटरी म्हणून कोणी नाव सुचवतं का?

कोणीच नाही. त्या खुर्चीवर बसायला कोणी तयार होईना.

मी नकाराची तयारी ठेवली होती. तीन नकार, चौथ्याला होकार. पण आधी नाव तर यायला हवं. शेवटी मीच उठून म्हटलं, मी लायक नाही. पाळकसाहेब म्हणाले, बरं, आणखी कोणी? तेव्हा घाईने म्हणालो, पण प्रभूची इच्छा असेल तर माझी हरकत नाही.

बिनविरोध. टाळ्या नाहीत. उपासनेच्या जागी टाळ्या नसाव्यात, असं माझंही मत आहे.

घरी सुचिताला सांगितलं. ती रुखमाबाईंसाठी पातळ खिचडी डब्यात भरत होती. झाकण लावलं आणि गेली.

१९ एप्रिल, रविवार

सेक्रेटरी म्हणून पहिली उपासना. आमच्याकडे उपदेशानंतर सेक्रेटरी पुढे उभा राहतो आणि विचारतो, प्रार्थनेची कोणाची काय विनंती आहे? ज्याला असेल तो जागेवर उठून सांगतो, आणि प्रत्येक विनंतीनंतर सगळे डोळे मिटून आमेन म्हणतात. काम साधं आहे, पण ते कसं करावं यावर मी आठवडाभर विचार केला होता. आवाज खालचा ठेवला. नजर जमिनीकडे.

एकाने लेकाच्या नोकरीसाठी सांगितलं. आमेन. एकीने गर्भार सुनेसाठी. आमेन. एका आजोबांनी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. आमेन.

मग सुचिता उठली. चर्चमध्ये ती आजवर कधी उभी राहून बोललेली नाही. आम्ही एकत्र सेवा करतोय, असं वाटून मन भरून आलं. मी डोळे मिटले, हात जोडले.

ती म्हणाली, पंजाबराव काकांची वाचा परत यावी.

आमेन.

आणि ती येईपर्यंत माझ्या मिस्टरांची जावी.

आमेन, सगळी मंडळी म्हणाली. एका सुरात, सवयीने. सिंधूताईंचा आवाज वेगळा ऐकू आला, त्यांनी दोनदा म्हटलं. कोणी हसलं नाही. मीही डोळे मिटूनच होतो.

माईक सुरू होता. माझंही आमेन बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.